सांडव्यावरची पोती: माळावरच्या एका पाझर तलावाचं प्रकरण

गावाचं, तलावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत आणि मापं ढोबळ ठेवली आहेत. या तलावाशी माझा संबंध दुरुस्तीच्या कामामुळे, म्हणजे घटना होऊन गेल्यावर आला. पुढचा क्रम सरपंचताई, शाखा अभियंता, तलावाखालच्या वस्तीवरची मंडळी आणि जेसीबीवाला यांच्याशी वेगवेगळं बोलून जुळवला आहे.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात १९७२ च्या दुष्काळात आणि पुढच्या दशकात रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव उभे राहिले. आमचा तलाव त्यांतलाच. ओढ्यावर आडवा मातीचा भराव, मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, खालच्या पायथ्याला पाणी निथळायला दगडांचा टो आणि एका कडेला जादा पाणी वाहून जायला मुरमात खोदलेला सांडवा. उंची सुमारे ११ मीटर, लांबी ३०० मीटरच्या आत, साठा साधारण ६ दशलक्ष घनफूट, म्हणजे सतरा कोटी लिटरच्या आसपास.

पाझर तलावाला मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी सोडायची वाट, नसते, आणि या प्रकरणात ते फार महत्त्वाचं ठरलं. कालव्यानं पाणी द्यायचा हेतूच नसतो; पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटू द्यायचा, एवढंच काम. मोरी नाही म्हणजे झडप नाही. तलाव भरला की पाणी कमी करायचे मार्ग तीनच: ते मुरेल, वाफ होऊन जाईल किंवा सांडव्यावरून वाहील. आपल्या मर्जीनं पाणी सोडायची सोय मूळ आराखड्यातच नाही.

पन्नासेक वर्षं त्यावाचून अडलंही नाही, कारण तलाव भरायचाच क्वचित. हा सगळा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. चार-पाच वर्षांत एकदा परतीचा पाऊस दणकून झाला तर पाणी सांडव्याला लागायचं, आणि संक्रांतीपर्यंत तळ दिसायला लागायचा. भरावाच्या पोटात पाणी भिनून त्याची वरची रेघ स्थिर व्हायला लागतो तेवढा काळ पाणी टिकायचंच नाही.

मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचं पाणी माळावर आलं. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून कालव्यांत, कालव्यातून ओढ्यांत आणि ओढ्यांतून तलावांत. त्यानं भागाचा चेहरामोहरा बदलला यात वाद नाही. डाळिंब आणि द्राक्ष वाढली, चारा छावण्यांची चर्चा मागे पडली. आमच्या तलावात उन्हाळ्यातल्या आवर्तनात, म्हणजे कालव्याच्या पाळीत, पाणी आलं, पावसाळ्यात कृष्णेला पूर असताना पुन्हा आलं, आणि सलग तीन वर्षं तो बहुतेक काळ भरलेला राहिला. महिनाभर पाणी पेलायची सवय असलेल्या भरावावर वर्षातले नऊ-दहा महिने पूर्ण दाब राहू लागला. पाणी आल्याचा आनंद इतका मोठा होता की हा फरक कुणाच्या मनातही आला नाही. तलाव एका खात्याचा, पाणी दुसऱ्या खात्याचं, आणि भरण्याआधी भराव तपासायचा अशी पद्धत दोघांकडेही नव्हती.

अडचण

तीन गोष्टी हळूहळू जमत गेल्या.

पहिली, ओल. जुन्या ओढ्याचं पात्र जिथे भरावाखाली गाडलं गेलं होतं, बरोबर तिथेच खालच्या पायथ्याला दुसऱ्या वर्षीपासून लव्हाळा उगवला. उन्हाळ्यात माळावर हिरवं दिसतं तिकडे मेंढरं जातात, त्यामुळे ही जागा मेंढक्यांना गावाच्या आधी माहीत होती. पाणी पाझरत होतं, पण नितळ होतं. मातीच्या भरावातून थोडं पाणी येणारच, आणि ते नितळ असेल, वाढत नसेल तर फारसं भय नाही. तेव्हा या टप्प्यावर कुणी घाबरलं नाही हे ठीकच झालं. मात्र कुणी ते मोजलंही नाही. बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढंच सामान लागलं असतं.

दुसरी, झाडं. भरावाच्या खालच्या उतारावर वेडी बाभूळ माजली होती. सरपणासाठी ती बुंध्यातून तोडायची, पुन्हा फुटायची, काही बुंधे मरायचे. मेलेलं मूळ कुजलं की त्याच्या जागी पोकळी उरते. शिवाय घुशींची बिळं होतीच. खेकड्यांची बिळं पाण्याकाठच्या मातीत असतात हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर ठपका ठेवणारं विधान आल्यापासून भरावातल्या बिळांबद्दल गंभीरपणे बोलणंच अवघड होऊन बसलं आहे. लोक हसतात आणि विषय संपतो.

तिसरी गोष्ट सांडव्यावरची पोती. दुसऱ्या वर्षी वरच्या अंगाच्या काही बागायतदारांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मुरूम भरून सांडव्याच्या पूर्ण रुंदीवर दोन फुटांची वरंबी घातली. हेतू सरळ होता: दोन फूट पाणी जास्त, म्हणजे बागेला एक पाळी जास्त. ग्रामसभेत त्याचं कौतुकही झालं. पण सांडव्यापासून भरावाच्या माथ्यापर्यंत जे मोकळं अंतर ठेवलेलं असतं ते पुरासाठी असतं. ते मुळात पावणेदोन मीटर होतं. माथ्यावरून ट्रॅक्टर जाऊन-येऊन भराव मधोमध फूटभर बसला होता, त्यात पोत्यांनी आणखी दोन फूट घेतले. उरलं मीटरहूनही कमी. त्यातच सांडव्याच्या पुढचा चर एकानं नांगरून त्यात मका घेतलेला.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मेंढपाळ वस्तीवर सांगत आला, "तळ्याखालचं पाणी गढूळ येतंय."

कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न अगदी साधा, पण चुकायला सोपा: गढूळ पाणी भरावाच्या पोटातून येतंय की उतारावरून पावसाचं वाहून येतंय? पाऊस चालू असताना सगळंच पाणी गढूळ दिसतं. सरपंचताईंनी फोनवर फोटो पाठवले, पण फोटोवरून ते कळण्यासारखं नव्हतं. शाखा अभियंत्यांकडे शेजारच्या तालुक्याचाही भार होता. ते दुपारी पोचले. तोवर गावानं आपल्या बुद्धीनं पहिला उपाय करून टाकला होता: ट्रॉलीभर काळी माती आणून झऱ्यावर ओतली होती. झरा बंद झाला, आणि थोड्या वेळानं पाच-सहा फुटांवर नव्या जागी फुटला.

"रावसाहेब, अजून दोन ट्रॉल्या टाकू, बसल दाबून," असं म्हणणारे बरेच होते. माणसाला गळती दिसली की बूच मारावंसं वाटतं, आणि पाण्याच्या बाजूनं बूच मारता आलं तर ते बरोबरही असतं. पण खालच्या बाजूनं तोंड बंद केलं तर आतलं पाणी जात नाही, ते पोटात अडतं, दाब वाढतो आणि कच्ची जागा शोधून दुसरीकडून निघतं. निघताना माती घेऊन येतं. खालून सुरू झालेली ही पोकळी मागे मागे तलावाच्या दिशेनं सरकते, आणि ती पाण्याला जाऊन मिळाली की मग हातात काही तासही उरत नाहीत.

अभियंत्यांनी नव्या झऱ्याभोवती पोत्यांचं कडं करून पावसाचं पाणी बाहेर वळवलं. कड्यातलं पाणी स्थिर झाल्यावर तळाशी वारुळासारखा बारीक मातीचा ढीग दिसला, त्याच्या तोंडातून पाणी उसळत होतं. पाण्याच्या बाटलीत ते भरून चहा पिऊन होईपर्यंत ठेवलं, तर तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ. म्हणजे शंका उरली नाही. भरावाची माती वाहून येत होती.

आता समोर चार गोष्टी होत्या. झऱ्यावर उलटा गाळणथर घालणं, म्हणजे पाणी येऊ द्यायचं पण माती अडवायची. सांडव्यावरची पोती काढणं. सांडवा फोडून पातळी आणखी खाली आणणं. आणि खालची वस्ती हलवणं. मोटारी लावून पाणी उपसायचं कुणीतरी सुचवलं, पण पाच-सहा कृषिपंपांनी रात्रभरात पातळी बोटभरही हलली नसती. शिवाय पावसात वीज गेलेली.

पोत्यांचा प्रश्न तांत्रिक कमी आणि माणसांचा जास्त होता. वरच्या अंगाचे एक वयस्क बागायतदार, गावात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, सांडव्यावर येऊन उभे राहिले. "आरं, जन्म गेला टँकरची वाट बघण्यात. आन आता भरलेलं तळं तुमी मोकळं करायला निगालाय?" या बोलण्याला उत्तर देणं सोपं नाही. दुष्काळी भागात पाणी सोडून देणं हा जवळजवळ गुन्हाच मानला जातो. दुसरीकडे, अभियंत्यांना स्वतःच्या अधिकारात सांडव्याला हात लावायचा की वरिष्ठांच्या लेखी आदेशाची वाट बघायची, हा पेच होता. पुढे काही झालं नाही तर "उगाच पाणी घालवलं" ही तक्रार ठरलेली, आणि झालं तर विचारायला कुणी उरणार नाही.

काय केलं

पेच सरपंचताईंनी सोडवला. त्यांनी ग्रामपंचायतीचं इतिवृत्त पुस्तक तलावावरच मागवलं, छत्रीखाली उभं राहून चार ओळी लिहिल्या की जीवितास धोका दिसत असल्यानं पोती काढण्यास ग्रामपंचायत सांगत आहे, आणि खाली सही केली. पोलीस पाटलांनी सही केली. मग अभियंत्यांनी केली. तहसीलदारांना फोन लावून वाचून दाखवलं, ते म्हणाले, "करा, मी निघालोय." आण्णांना ताई इतकंच म्हणाल्या, "आण्णा, पोती पुन्हा भरता येतील. भराव पुन्हा कोण घालणार?" आण्णा बाजूला झाले, पण राजी झाले असं म्हणता येणार नाही.

पोती कशी काढायची यातही एक मेख होती. पोरं उत्साहात सगळ्या रुंदीवरची पोती ढकलून द्यायला निघाली होती. वीस मीटर रुंदीवरून दोन फूट पाणी एकदम सुटलं असतं तर ओढ्यात सेकंदाला पंधरा घनमीटरच्या घरात लोंढा गेला असता, आणि जी वस्ती वाचवायची तिच्याच दारात पाणी नेऊन सोडलं असतं. म्हणून भरावापासून लांबच्या, कातळाच्या कडेची फक्त तीन मीटरची पोती काढली. पाणी अंदाजे अडीच घनमीटरनं वाहू लागलं. मक्याचं शेत त्यात गेलं. पहाटेपर्यंत दोन फूट पाणी उतरलं होतं.

दोन फुटांनी झऱ्यावरचा दाब फारसा कमी होत नाही. नऊ-दहा मीटर पाण्यापुढे ते काहीच नाही. पण पाणी माथ्यावरून जायचा धोका टळला. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की तो टिकत नाही, हे १९६१ च्या पानशेतपासून महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे.

झऱ्यावरचं काम संध्याकाळी सुरू झालं. आधी टाकलेली काळी माती हातानं उकरून काढली. गाळणथराचा क्रम असा: मातीला लागून जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, सगळ्यात वर दगड. प्रत्येक थरानं खालच्या थराला धरून ठेवायचं आणि पाण्याला वाट द्यायची. नदीची वाळू मिळणं अशक्य, आणि क्रशरच्या साध्या वाळूत डस्ट इतकी असते की गाळणीच बुजून जाईल. धुतलेली क्रश सँड हवी होती. गावात एकाच्या घराचं बांधकाम चालू होतं, तिथे ती आणि दोन्ही मापांची खडी पडून होती. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात केरळात. फोनवर म्हणाला, "विचारताय काय, उचला." या भागातल्या कित्येक गावांचा अडीअडचणीचा निधी असाच बाहेर असतो; जेसीबीचं डिझेलही गलाईवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलं. घमेल्यांची रांग लागली. रात्री दहाच्या सुमाराला पाण्याचा रंग फिकट झाला आणि मध्यरात्रीनंतर ते नितळ येऊ लागलं. पाणी थांबलं नव्हतं, आणि ते थांबावं अशी अपेक्षाही नव्हती.

वस्तीवरची चौदा-पंधरा घरं रात्री आठनंतर शाळेत हलवली. माणसं तयार होती, पण जनावरं सोडून जायला तयार नव्हती, आणि अंधारात चिखलातून म्हशी काढण्यात दोन तास गेले. पाणी कुठवर येईल याचा नकाशा नव्हता. ओढ्याच्या जुन्या पुराच्या खुणेवर आणखी एक पुरुषभर उंची धरून पोलीस पाटलांनी फक्कीनं रेघ मारली आणि तिच्या आतलं प्रत्येक घर रिकामं केलं. एवढ्यात कुणीतरी व्हिडिओ टाकला, "तलाव फुटला", आणि खालच्या दोन गावांत पळापळ झाली. ती निस्तरायला एक माणूस फक्त फोनवर बसवावा लागला.

दुसऱ्या दिवशी सांडवा फोडायचा निर्णय झाला. तहसीलदार आणि उपअभियंता हजर होते, तरी अर्धा दिवस वादात गेला, कारण झरा नितळ झाल्यावर "आता कशाला?" असं म्हणणाऱ्यांची संख्या वाढली. जेसीबीवाल्याला भरावालगतची बाजू सोयीची वाटत होती, तिथपर्यंत रस्ता होता. उपअभियंत्यांनी ते साफ नाकारलं. भरावाच्या टोकाला खाच पाडली तर वाहतं पाणी भरावच कुरतडतं. लांबच्या कडेनं ब्रेकर लावून तीन मीटर रुंद, एक मीटर खोल खाच कातळात घेतली. मग शेतकऱ्यांनी आपापले सहा इंची पीव्हीसी पाइप आणून भरावाच्या माथ्यावरून चार सायफन लावले, तोंडं पायथ्यापासून खूप पुढे ओढ्यात. दोन्ही टोकं बंद करून पाइप पाण्यानं भरायचा आणि एकदम सोडायचा ही युक्ती कुणाला शिकवावी लागली नाही. चार सायफन मिळून दिवसाला फूटभर पाणी उतरत होतं. सांडव्याच्या मूळ पातळीखाली अडीच मीटरवर थांबायचं ठरलं.

निष्पत्ती

भराव टिकला. एक मक्याचं शेत आणि एक कच्चा गोठा सोडला तर नुकसान झालं नाही. वस्ती चार दिवसांनी परतली.

पुढच्या उन्हाळ्यात पायथ्याला चाचणी खड्डे घेतले तेव्हा मुरमाच्या थराखाली जुन्या ओढ्याची वाळू सापडली. गाभ्याखालचा चर त्या जागी कठीण थरापर्यंत उतरवलेला नसावा असं त्यावरून दिसतं. दुष्काळात, हजारो हातांना काम देताना, ओढ्याच्या पाण्यात चर खोदणं किती अवघड गेलं असेल याचा विचार केला तर दोष द्यावासा वाटत नाही. पायथ्याचा दगडी टो मातीनं भरून गेला होता. बाभळीची मुळं भरावात हातभर आत होती.

दुरुस्तीला दोन उन्हाळे लागले: नवा गाळणथर आणि टो, खालच्या बाजूला मुरमाचा भर, माथा सारखा करणं, बाभळी मुळासकट काढून खड्डे थरांनी धुम्मस करून बुजवणं. सांडव्यातली खाच मात्र पूर्वीसारखी बंद केली नाही, आणि हा मला या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. तिला काँक्रीटच्या कडा करून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला असतात तसे बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, बसवले. मोरी नसलेल्या तलावाला निदान वरचं मीटरभर पाणी सोडायची सोय झाली. दुरुस्ती होईपर्यंत एका खांबावर लाल पट्टा मारला होता, त्यावर पाणी चढू द्यायचं नाही. कालव्याचं पाणी सोडण्याआधी पट्ट्याची पातळी कळवायची, असं पत्र ग्रामपंचायत दर आवर्तनाला देते.

काय वेगळं करता आलं असतं

पोती सकाळीच काढायला हवी होती. गढूळ पाणी कुठून येतंय हे ठरेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. कडेची थोडीच पोती काढण्यात धोका काहीच नव्हता आणि त्यासाठी अभियंताही लागत नव्हता. सहा तास गेले ते परवानगी कुणाची, या प्रश्नात.

वस्ती उजेडात हलवायला हवी होती. बाटलीतला गाळ दुपारी दिसला होता. तेव्हा हलवली असती तर म्हशी तासाभरात निघाल्या असत्या.

सांडवा फोडायची गरज होती का, यावर अजून दोन मतं आहेत. आण्णांच्या मते झरा नितळ झाल्यावर पाणी घालवलं ते वाया गेलं. माझं मत उलट आहे: घाईनं घातलेला गाळणथर ही तात्पुरती मलमपट्टी, तिच्या भरवशावर महिनोन्महिने पूर्ण दाब ठेवता येत नाही. पण त्यांचा दुसरा मुद्दा बिनतोड आहे. आधीपासून ओलीच्या जागेची नोंद कुणी ठेवली असती, तर सायफन लावून सावकाश, बागांना पाळ्या देत देत पाणी उतरवता आलं असतं, आणि एक थेंबही ओढ्यात सोडावा लागला नसता.

कायद्याकडून इथे फारशी मदत नाही. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना तो लागू व्हायला लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर अशांपैकी एखादी अट पुरी व्हावी लागते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणीचं बंधन त्या धरणांना आहे. आमचा तलाव यातल्या कशातच बसत नाही, आणि माळावरचे बहुतेक पाझर तलावही बसत नाहीत. त्यामुळे आता गावातच एक वही ठेवली आहे. दर अमावास्येला, म्हणजे लक्षात राहावं म्हणून, पायथ्याच्या चरात बसवलेल्या पाइपखाली बादली धरायची, भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं, पाणी नितळ की गढूळ ते लिहायचं, आणि पातळी पट्ट्यापासून किती ते लिहायचं. वही मेंढपाळाच्या मुलाकडे आहे, त्याला ग्रामपंचायत थोडं मानधन देते.

सांडव्यापुढच्या चराची मोजणी झाली, अतिक्रमणाची नोटीसही गेली. या हंगामात तिथे पुन्हा मका आहे. बर्ग्यांची किल्ली सरपंचताईंच्या घरी असते, आणि ती आपल्याकडे असावी असा आण्णांचा अर्ज ग्रामसभेपुढे आहे.